टेबल सरळ, कापड नवं, तरी खेळ बिघडतोय? आधी बॉल काट्यावर ठेवा

स्क्रू बसत नाही, म्हणजे क्यूने मारायचा पांढरा बॉल, व्हाइट, टकरीनंतर मागे येत नाही. सरळ पॉटसुद्धा जॉला, म्हणजे पॉकेटच्या तोंडाच्या कडेला, लागून बाहेर येतो. जरा जोर लावला की व्हाइट कुशनवरून उडी मारून फरशीवर. स्नूकर-पूलच्या पार्लरमध्ये या तक्रारी सुरू झाल्या की मालक आधी कापड बदलतो, मग कुशनचं रबर, मग मिस्त्री बोलावून लेव्हल काढतो. तिन्ही खर्च होतात आणि आठ दिवसांनी तोच गिऱ्हाईक तेच म्हणतो, "भाऊ, टेबल बेकार झालंय." बॉलकडे कुणी बघत नाही. तो गोल दिसतो, चकाकतो, मग त्याच्यावर संशय कशाला घ्यायचा?

आपल्याकडे या दुखण्याचं एक ठरलेलं कारण आहे. संभाजीनगर, नांदेड, लातूरपासून तालुक्याच्या गावापर्यंत बहुतेक हॉलमध्ये एक स्नूकरचं टेबल आणि शेजारी दोन-तीन पूलची टेबलं असा मांड असतो. रात्री बंद करायच्या घाईत बॉल एकाच ट्रेमध्ये जातात. एखादा व्हाइट हरवतो, एखाद्याचा टवका उडतो, मग सुटा बॉल मागवला जातो. दोन-तीन वर्षांत सेट म्हणून जे उरतं ते तीन सेटांची खिचडी असते.

दोष बॉलचा की टेबलाचा?

नवा व्हाइट मागवण्याआधी ही चाचणी करा. फॅब्रिकेशनच्या दुकानातून एक फूट लांबीची अॅल्युमिनियमची अँगल पट्टी आणा, साधारण इंचाची. तिची खोबण वर करा, एक टोक कापडावर टेका आणि दुसऱ्या टोकाखाली क्यूला लावायच्या चॉकचे दोन ठोकळे एकावर एक ठेवा. वरून सोडलेला बॉल दर वेळी त्याच वेगाने, त्याच रेषेत निघतो. हाताने ढकलून केलेल्या चाचणीला काही अर्थ नाही, कारण हात दर वेळी थोडा वेगळा चालतो.

एकच बॉल पाच वेळा सोडा आणि दर वेळी तो थोडा फिरवून ठेवा. नंतर त्याच जागेवरून दुसरा, तिसरा, चौथा. सगळे बॉल एकाच ठिकाणी एकाच बाजूला ओढले जात असतील तर बॉल निर्दोष, टेबलाची लेव्हल बघा. स्नूकरच्या कापडाला लव असते, बॉल्ककडून (खेळ सुरू होतो त्या टोकाकडून) काळ्या बॉलच्या स्पॉटकडे जाणारी. तिला आडवा, हळू जाणारा बॉल लवेबरोबर जरासा ओढला जातो, त्याला दोष समजू नका. एकच बॉल कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल आणि बाकीचे सरळ असतील, तर त्या बॉलचा तोल गेला आहे किंवा तो गोल राहिलेला नाही. सगळे सरळ जाऊन टकरीनंतरच विचित्र वागत असतील, तर वजन, माप किंवा घाण यांपैकी काहीतरी आहे.

उन्हाळ्यात एक गोष्ट आधी तपासा: कूलर कुठे आहे? झोत टेबलाच्या एका बाजूवर पडत असेल तर त्या बाजूचं कापड दमट होतं आणि बॉल तिथे मंदावतो. एप्रिल-मेमध्ये "बॉल जड झालेत" म्हणून येणाऱ्या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा कूलरच्या तोंडाशी सापडतं. कूलर वळवा, दोन तास थांबा आणि चाचणी पुन्हा घ्या.

मापं पाठ असू द्या

स्नूकरचा बॉल ५२.५ मिमी व्यासाचा. त्यात ०.०५ मिमी कमी-जास्त चालतं आणि एका सेटमधल्या सगळ्यात जड व सगळ्यात हलक्या बॉलमध्ये ३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. वजन किती असावं याचा नियमात एक आकडा नाही, पण चांगल्या सेटचा बॉल १४० ग्रॅमच्या थोडा पुढे भरतो. इंग्लिश बिलियर्ड्सचा बॉलही याच मापाचा.

अमेरिकन पूलचा, म्हणजे आपल्याकडे आकडे आणि पट्टे असलेला जो चालतो तो बॉल ५७.१५ मिमीचा (सव्वादोन इंच), फरक ०.१२७ मिमीपर्यंत, वजन साडेपाच ते सहा औंस म्हणजे १५६ ते १७० ग्रॅम.

लाल-पिवळ्या बॉलचा इंग्लिश पूल दोन इंची, ५०.८ मिमी. नाणं टाकून चालणाऱ्या टेबलांवर त्याचा व्हाइट मुद्दाम लहान, पावणेदोन इंचाला एक अष्टमांश वर, म्हणजे ४७.६ मिमी ठेवतात, म्हणजे टेबलाच्या पोटातली यंत्रणा त्याला वेगळा काढून परत देते. असा एखादा लहान व्हाइट जुन्या मालाबरोबर येऊन पडलेला असेल तर तो बाजूलाच ठेवा.

वजनाचा तो १५६ ते १७० चा पल्ला नीट समजून घ्या. सेट कोणत्या वजनाचा असावा यासाठी तो आहे. एकाच सेटमध्ये १५६ चा आठ नंबर आणि १७० चा व्हाइट असला तर दोन्ही नियमात बसतात, पण खेळ बसत नाही. पूललाही एका सेटमध्ये ३ ग्रॅमच्या आतच राहा.

स्क्रू बसत नाही, स्टन पुढे सरकतो

समोरासमोर टक्कर, दोन्ही बॉल सारख्या वजनाचे आणि व्हाइटवर काही फिरकी नसेल, तर व्हाइट जागीच थांबतो आणि सगळा वेग पुढच्याला देतो. स्टन, म्हणजे व्हाइट जागीच थांबवणारा फटका, यावरच चालतो. व्हाइट १७० ग्रॅमचा आणि समोरचा १५६ चा असेल, तर टकरीआधीच्या वेगाच्या सुमारे ४ टक्के वेग व्हाइटकडे शिल्लक राहतो आणि तो पुढे घसरतो. १७० चा पूल व्हाइट १४२ च्या स्नूकर बॉलवर घातला तर हाच आकडा ९ टक्के. स्क्रूच्या फिरकीला आधी हा शिल्लक वेग मारावा लागतो, मग व्हाइट मागे यायला लागतो. खेळाडू म्हणतो टिप (क्यूच्या टोकाची चामडी गादी) गेली, टिप बदलतो, आणि स्क्रू तेवढाच येतो.

याचं उलटं जास्त फसवं आहे. पूलच्या टेबलावर चुकून स्नूकरचा व्हाइट आला तर तो समोरच्यापेक्षा वीसेक ग्रॅम हलका असतो, टकरीनंतर आपोआप मागे उसळतो आणि स्क्रू धो-धो येतो. नवशिका पोरगा खूश, त्याला वाटतं हात बसला! पण फॉलो मारायला गेला की व्हाइट पुढे जायचं नाव घेत नाही. "माझा स्क्रू एकदम सुधारला, फॉलो मात्र गेला" असं कुणी म्हणालं की त्याच्या खेळाचं कौतुक नंतर करा, आधी व्हाइटचं माप घ्या. शिवाय दोन्ही बॉलचे मध्य एका उंचीवर नसतात, सव्वादोन मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त फरक पडतो. टक्कर थोडी तिरकी बसते, लहान व्हाइट खाली दाबला जातो आणि मोठा बॉल किंचित उचलला जातो. जोराच्या फटक्याला तो चक्क हवेत दिसतो.

५२.५ आणि ५७.१५ हा फरक दोन बॉल शेजारी ठेवले तर आंधळ्यालाही दिसेल. पण एकटा व्हाइट हिरव्या कापडावर पडलेला असला की डोळा हटकून फसतो. म्हणून ट्रे वेगळे करा. पूलचा लाल रंगाचा, स्नूकरचा लाकडी, काहीही, पण वेगळे.

बॉल कुशनवरून उडतो

कुशनचं नाक बॉलच्या मध्यापेक्षा वर असतं, म्हणून धडकलेला बॉल खाली दाबून राहतो. पूलच्या नियमात ही उंची बॉलच्या व्यासाच्या ६३.५ टक्के दिलेली आहे, म्हणजे ५७.१५ च्या बॉलला सुमारे ३६.३ मिमी. स्नूकरच्या बॉलला ती साधारण ३३ मिमीच्या आसपास येते. आता स्नूकरच्या कुशनवर पूलचा बॉल मारून बघा: नाक त्याच्या ५८ टक्क्यांवर, मध्याच्या फार जवळ. जोराचा बॉल वर चढतो आणि बाहेर जातो. उलट, स्नूकरचा बॉल पूलच्या कुशनला लागला की नाक ६९ टक्क्यांवर दाबतं, बॉल कापडात रुततो, उसळी मेल्यासारखी येते आणि कुशनच्या कडेने कापडावर खरडल्याची रेघ उमटायला लागते.

यातूनच एक उपयोगाची युक्ती निघते. सोसायटीच्या किंवा घरच्या छोट्या टेबलाला कोणता बॉल हे माहीत नसेल, तर कापडापासून कुशनच्या नाकाच्या टोकापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये मोजा आणि ०.६३५ ने भागा. भागाकार म्हणजे बॉलचा व्यास. उंची ३६.३ आली तर सव्वादोन इंची बॉल, ३२ च्या आसपास आली तर दोन इंची. छोट्या स्नूकर टेबलांसाठी दोन इंच, एक सात-अष्टमांश आणि दीड इंचाचे सेटही मिळतात. ६ फुटी टेबलावर पूर्ण मापाचा सेट घालणं म्हणजे पॉकेटशी रोजचं भांडण.

पॉकेटचा हिशोब तसाच. पूलच्या कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साडेचार इंच किंवा थोडं जास्त असतं, स्नूकरचं साडेतीन इंचांच्या आसपास. साडेतीन इंच म्हणजे ८९ मिमी. त्यात ५२.५ च्या बॉलला दोन्ही बाजूंना मिळून ३६ मिमी मोकळीक राहते, ५७ च्या बॉलला ३२ पेक्षा कमी. वर स्नूकरचे जॉ गोलसर असतात, बॉल जरा घासला की बाहेर टाकतात.

किक: बॉल उचकतो, पॉट जाड जातो

या दुखण्यावर थोडं थांबू, कारण सर्वांत जास्त भांडणं यावरून होतात आणि उपाय सगळ्यांत स्वस्त आहे.

किक म्हणजे टकरीच्या क्षणी दोन बॉल एकमेकांना नेहमीपेक्षा जास्त चिकटतात. आवाज बद्द येतो, व्हाइट किंचित उडतो, पुढचा बॉल ठरवलेल्या कोनापेक्षा जाड जातो. कारण जवळजवळ नेहमी टकरीच्या नेमक्या बिंदूवर असलेली घाण. चॉकचा निळा ठिपका व्हाइटवर बसतो, तीन-चार फटके तसाच फिरतो आणि एखाद्या वेळी नेमका टकरीच्या जागी येतो. म्हणून किक मुद्दाम करून दाखवता येत नाही आणि म्हणूनच ती नशिबावर ढकलली जाते. अलीकडे कमी डाग सोडणारे चॉक मिळतात, महाग आहेत. मोठ्या स्पर्धांतले खेळाडू ते वापरतात ते याच कारणासाठी.

आपल्याकडे चॉकखेरीज आणखी तीन चोर आहेत. पहिला, टाल्कम पावडर. क्यू सरकावा म्हणून हाताला लावलेली पावडर कापडावर, तिथून बॉलवर. कोपऱ्यात पावडरची वाटी ठेवली असेल तर ती उचलाच, ग्लोव्ह विकायला ठेवा. दुसरा, तेल. दुपारी डोक्याला तेल चोपडून आलेला गडी तोच हात बॉलला लावतो. तिसरा चोर बोलायला जरा अवघड, पण आहे: तंबाखू-चुना. तळहातावर मळून झालं की बोटांना चुना राहतो. खेळाडूपेक्षा मार्करचा, म्हणजे हॉलमध्ये गुण मांडणाऱ्याचा, हात बघा, कारण स्नूकरमध्ये रंगीत बॉल दिवसभर तोच उचलून स्पॉटवर ठेवतो. पिंक आणि ब्लॅकवर किक जास्त येत असतील आणि रेडवर कमी, तर मार्करच्या बोटांपासून सुरुवात करा. स्पॉट करायला त्याच्या एका हातात सुती मोजा द्या.

बॉल धुवायची पद्धत. अर्धी बादली कोमट पाणी, हाताला सहज सोसवेल इतकंच. त्यात चहाचा एक चमचा भांडी घासायचं लिक्विड. एकेक बॉल बुडवून मऊ मायक्रोफायबर कापडाने चोळायचा, रात्रभर भिजत टाकायचा नाही. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने करू नका. मराठवाड्यात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. सुकल्यावर बॉलवर क्षाराचा पांढुरका पापुद्रा राहतो आणि ज्या किकसाठी धुतले तीच परत येते. जारचं फिल्टरचं पाणी घ्या, २२ बॉलना पाच-सहा लिटर पुरतं. पुसून सावलीत टॉवेलवर अर्धा तास ठेवा आणि कोरड्या कापडाने शेवटचा हात फिरवा. चालत्या टेबलाला आठवड्यातून एकदा धुणं, आणि रोज उघडताना कोरडं पुसणं. उन्हाळ्यात हवा कोरडी, बॉल घासून घासून स्थिर वीज धरतात आणि बारीक धूळ ओढून घेतात. त्या दिवसांत दोनदा पुसा. रस्त्याकडेच्या हॉलमध्ये काळ्या मातीची जी बारीक भुकटी येते ती कापडावर डोळ्याला दिसतही नाही, बॉलवर मात्र बोटाला लागते.

थिनर, ॲसिटोन, रॉकेल, फरशीचं ॲसिड, तांब्या-पितळेची पावडर, टूथपेस्ट यांतलं काहीही बॉलला लावू नका. गाडीचं पॉलिश लावलं की बॉल आरशासारखे दिसतात आणि दोन दिवस सगळे खूश असतात. पण त्यातल्या मेणाने किंवा सिलिकॉनने बॉल निसरडे होतात, टकरीत एकमेकांना कमी ओढतात, त्यामुळे नेहमीचा कोन बदलतो. मग ते पॉलिश ठिकठिकाणी उडतं, तिथे धूळ धरतं, आणि एकाच बॉलच्या दोन बाजू दोन तऱ्हेने वागायला लागतात.

व्हाइट पिवळसर पडला म्हणून घाबरू नका. चांगल्या बॉलचं कठीण प्लास्टिक, फिनॉलिक रेझिन, उजेडाने कालांतराने पिवळं होतं. रंग गेला म्हणजे माप गेलं असं नाही.

रॅक सैल, ब्रेक मेलेला

बॉल रचायचा ट्रँगल उचलला की रॅकमधल्या दोन-तीन बॉलमध्ये फट दिसते आणि ब्रेक, म्हणजे पहिला फटका, फुटत नाही. पहिला संशय कापडावरच्या खड्ड्यांवर. रॅक रोज त्याच जागी ठोकून बसवल्याने ते पडतात. रॅक वीतभर बाजूला, कोऱ्या जागी लावा. तिथे घट्ट बसला तर कापड, तिथेही फट राहिली तर बॉल. सेटमध्ये एक जरी बॉल झिजलेला असला तर शेजारच्यांना तो चिकटू शकत नाही, कितीही दाबा.

मोजायचं कशाने

वजनासाठी किराणा दुकानाचा काटा नको. सराफाकडे जा. त्याच्या काट्यावर ग्रॅमचा शंभरावा भाग दिसतो आणि २२ बॉल तोलायला पंधरा मिनिटं लागतात. गर्दीची वेळ टाळा म्हणजे झालं. बॉल वाटीसारख्या रिंगवर ठेवा, रिंगचं वजन शून्य करून घ्या.

पण वजनाने झीज कळत नाही. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ५२.५ चा बॉल ०.१ मिमी झिजला तर वजन फक्त पाऊण-एक ग्रॅमने कमी होतं. ३ ग्रॅम कमी व्हायला त्याला जवळजवळ ०.३७ मिमी झिजावं लागतं, आणि तोवर मापाची मर्यादा त्याने केव्हाच ओलांडलेली असते. म्हणजे काट्यावर मिसळलेला सेट पकडता येतो, मायक्रोमीटरवर (व्यास बारीक मोजायचं हत्यार) झिजलेला. दोन्ही करा.

साध्या डिजिटल व्हर्नियरवर ०.०१ मिमी दिसतं, पण त्याची खरी चूक ०.०२-०.०३ असू शकते. ०.०५ च्या मर्यादेसाठी ते अगदी काठावरचं हत्यार आहे. पूलला चालतं. स्नूकरसाठी ५० ते ७५ मिमीचा मायक्रोमीटर हवा. स्नूकर आणि पूल दोन्ही बॉल त्या एकाच पल्ल्यात येतात. तो विकत घ्यायची गरज नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या एमआयडीसीत किंवा गावातल्या चांगल्या टर्नरकडे तो असतोच. हॉलमध्ये खेळायला येणाऱ्या पोरांत दोघे-तिघे क्वालिटी विभागातले निघतात, त्यांना फक्त विचारा. जिथे एमआयडीसी नाही तिथे आयटीआय किंवा पॉलिटेक्निकची कार्यशाळा. बॉल उन्हातल्या गाडीतून काढून लगेच मोजू नका, तापलेला बॉल फुगलेला असतो. तासभर त्याच खोलीत ठेवा. प्रत्येक बॉल किमान तीन दिशांनी मोजा. तिन्ही मापांत ०.०५ पेक्षा जास्त तफावत म्हणजे बॉल अंडाकृती व्हायला लागला.

मायक्रोमीटर मिळेपर्यंत काउंटरच्या काचेवर हे करा. तीन बॉल सरळ रेषेत ठेवा, संशयित मधे. घरंगळू नयेत म्हणून प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना टाचणीएवढा पुट्टीचा गोळा, पण बॉलच्या खाली नाही. वर एक फुटी स्टीलची पट्टी आडवी ठेवा. पट्टी झोकांड्या खात असेल तर मधला मोठा. पट्टीखालून उजेड दिसला तर मधला लहान, आणि त्या फटीतून झेरॉक्सचा कागद सरकला तर तो ०.१ मिमी किंवा त्याहून जास्त लहान, कारण त्या कागदाची जाडी साधारण तेवढीच असते. मग बॉल बदलून बदलून हीच चाचणी घ्या.

एक उपाय इंटरनेटवर फिरतो: मिठाच्या पाण्यात बॉल तरंगवून तोल तपासा. तो गोल्फच्या बॉलसाठी आहे. पाण्यात जेवढं मीठ विरघळेल तेवढं घातलं तरी त्याची घनता १.२ च्या पुढे जात नाही, आणि स्नूकरचा बॉल १.८ च्या पुढचा. तो सरळ तळाला बसेल. किलोभर मीठ वाया घालवू नका.

बदलायचं काय: व्हाइट की सेट

सगळ्यात आधी व्हाइट झिजतो, कारण प्रत्येक फटका त्याच्यावर. बाकी बॉलची सरासरी काढा. व्हाइट त्यापेक्षा ०.१ मिमीपेक्षा जास्त लहान झाला की बदला. मात्र बाकी सेट ५२.३५ पर्यंत उतरला असेल आणि तुम्ही कोरा ५२.५० चा व्हाइट आणला, तर आता व्हाइट मोठा आणि ग्रॅमभर जड. रोजच्या पार्लरला तो चालून जातो, जिल्ह्याच्या निवड स्पर्धेला नाही. सरासरीच ०.१५ पेक्षा जास्त उतरली असेल तर सेट काढून टाका, एकेक बॉल बदलत बसण्यात शेवटी जास्त पैसे जातात. हे दोन आकडे नियमातले नाहीत, चालत्या हॉलसाठी आम्ही धरलेली मोजपट्टी आहे.

टवका उडालेला किंवा केसासारखी भेग पडलेला बॉल मात्र माप न बघता बाजूला करा. नखाला लागेल इतका टवका कापडाचा धागा ओढतो. भेग बॅटरीच्या तिरप्या उजेडात दिसते.

नवा सेट घेताना

बाजारात मुख्य दोन जाती: फिनॉलिक आणि पॉलिस्टर. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये स्नूकरचा जन्म झाला तेव्हा बॉल हस्तिदंताचे असत. हवामानाप्रमाणे ते कमी-जास्त व्हायचे आणि एकसारखे बॉल मिळणं हेच दुखणं होतं. रेझिनने ते संपवलं. फिनॉलिकमध्ये बेल्जियममधल्या कॅलेनेल गावच्या सालुक कंपनीचे अॅरामिथ बॉल सगळ्यात माहितीतले.

फिनॉलिक महाग का, हे कापडावर दिसतं. जोराच्या फटक्यात बॉल आधी घसरतो, मग घरंगळतो. त्या घसरण्यात बॉल आणि कापडाच्या टेकण्याच्या बिंदूवर क्षणभर २५० अंशांपर्यंत उष्णता होते असं सालुक सांगते. पॉलिस्टर ती नीट सोसत नाही. पूलच्या ब्रेकच्या जागेपासून निघालेले पांढरे ठिपके आणि रेघा हे त्या भाजण्याचे डाग, ब्रशने ते जात नाहीत. नवं कापड तीन महिन्यांत असं ठिपक्यांनी भरलं असेल तर कापडवाल्याला फोन करण्याआधी बॉल कोणते आहेत ते बघा. रोज आठ-दहा तास चालणाऱ्या टेबलाला पॉलिस्टरचा सेट स्वस्त पडत नाही. सुट्टीत खेळायच्या घरच्या टेबलाला तोच पुरतो, तिथे फिनॉलिकचा आग्रह धरू नका.

नुसत्या खोक्यावर विश्वास ठेवू नका, नामांकित नावाच्या नकला भरपूर आहेत. दोन बॉल हातात धरून हलके आपटा: फिनॉलिकचा आवाज टणक, तुटक येतो, पॉलिस्टरचा बोथट. पण आवाजाची ओळख पटायला एक खात्रीचा बॉल जवळ हवा, म्हणून जाताना तो खिशात घेऊन जा. पुणे, मुंबई, हैदराबादहून कुरिअरने मागवत असाल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी सराफाचा काटा गाठा. ३ ग्रॅमच्या बाहेर एक जरी गेला तरी सेट परत. मागवण्याआधीच विक्रेत्याकडून हे लेखी, निदान व्हॉट्सॲपवर, कबूल करून घ्या. आणि सेटबरोबरच त्याच जातीचा एक जादा व्हाइट घ्या. दोन्ही व्हाइट आठवड्याआड फिरवा, म्हणजे दोन्ही सारखे झिजतील आणि वर्षभराने अनोळखी सुटा बॉल शोधायची वेळ येणार नाही.

मोजलेले आकडे एका वहीत लिहा: तारीख, बॉल, तीन मापं, वजन. रेड ओळखायचे कसे हा प्रश्न येईल, त्यावर खुणा करू नका. मोजताना अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवले की पुरे. रेडची सरासरी आणि त्यांतला सगळ्यात लहान, एवढंच वहीत हवं. सहा महिन्यांनी परत.

जुना सेट बदलल्यावर त्यातले रंगीत बॉल शोकेसमध्ये ठेवा, पोरांना द्या, काहीही करा. जुना व्हाइट मात्र हॉलच्या बाहेर काढा. ड्रॉवरमध्ये ठेवलेला जुना व्हाइट आठ दिवसांत टेबलावर परत येतो.